माझ्यामागे कुणी आलंच नाही

मी एक जुना हिरवा पडदा आहे. खिडकीचा नव्हे, दवाखान्याचा. लोखंडी चौकट आणि खाली चाकं, त्यातलं एक कायमचं अडलेलं. खानापूरच्या शिंप्यानं मला शिवलं आणि टेम्पोतून मी रामनगरच्या एका लहानशा दवाखान्यात आलो.

मित्रांनो, माझं काम साधं होतं. तपासताना कुणाला अंगावरचं कापड बाजूला करावं लागलं, की मी मध्ये उभा राहायचो. बाहेर गोव्याकडं जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न वाजत असत, आत मात्र बाई निवांत श्वास घ्यायची. सावित्री सिस्टर मला नेमानं धुऊन उन्हात वाळवायच्या. "हा हाय म्हणून बायका येतात," असं म्हणायच्या. ते ऐकून मला फार बरं वाटायचं. त्या निवृत्त झाल्या आणि मग साबण माझ्या वाट्याला क्वचितच आला.

पुढं एकदा स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीचं शिबिर ठरलं. ही तपासणी मी पुष्कळदा पाहिली होती. शिकलेली सिस्टर किंवा डॉक्टरीणबाई बोटांनी दोन्ही स्तन आणि काखा सावकाश चाचपते. शंका आली तर बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात पाठवते. पाठवलेल्या बहुतेकींना काहीच निघत नाही. पण एखादीला निघतं, आणि ती लवकर सापडावी म्हणून तर हा सगळा खटाटोप.

आज आपल्याला खूप काम, म्हणून मी खूश होतो. पण शिबिराचा प्रमुख दत्तप्रसाद यानं मला फरफटत व्हरांड्यात नेलं. माझ्या छाताडावर टाचण्या खुपसून फलक लावला: 'शंभर टक्के महिलांची तपासणी'. फोटो निघाले.

डॉक्टरीणबाईंची जीप घाटात बंद पडली होती. दत्तप्रसाद म्हणाला, "थांबलो तर बायका निघून जातील, आकडा पडेल." मग प्रत्येक बाईचं वजन केलं, पदराला गुलाबी फीत लावली आणि तिला घरी पाठवलं. जितक्या फिती संपल्या, तितक्या बायका तपासल्या, असा हिशेब!

रांगेत इंदुबाई होती. गावाबाहेर तिची भातशेती. ती हळूच म्हणाली, "सायेब, हितं काखंजवळ गाठ लागतीया. दुखत न्हाई, पर हाय."

"दुखत नाही ना? मग काळजी नको, अक्का. पुढं चला."

इंदुबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो, फलक पांघरून. तिला माझ्यामागं कुणी नेलंच नाही.

दुपारी दत्तप्रसादनं वडे खाल्ले आणि तेलकट बोटं मला पुसली. मला तेलाची किळस आली नाही, त्या बोटांची आली. त्यांनी एकाही बाईसाठी मला हलवलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यानं पेढे वाटले. "एवढ्या बायका तपासल्या, एकही रोगी निघाली नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शिसारी आली.

भात कापून झाल्यावर इंदुबाई सून सुप्रियाला घेऊन आली. गाठ वाढली होती. आता डॉक्टरीणबाई भाग्यलक्ष्मी हजर होत्या.

"शिबिरात तपासलं होतं ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"तपासलं?" सुप्रिया उसळली. "आत्तीला कुणी हात तरी लावला काय? फीत लावली अन् हाकलली!"

डॉक्टरीणबाईंनी मला आत ओढलं. माझ्यामागं इंदुबाईनं चोळीची गाठ सोडली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही स्तन आणि काखा सावकाश चाचपल्या. मग म्हणाल्या, "उद्याच बेळगावला जायचं."

त्या बाहेर आल्या, तेव्हा दत्तप्रसाद समोर होता.

"फिती वाटल्या म्हणजे बायका आल्या, एवढंच कळतं," त्या म्हणाल्या. "तपासलं किती जणींना? आणि पाहिलंच नाही, तर सापडणार कुठून? त्याचे पेढे वाटलेत तुम्ही!"

"वरून आकडा मागतात, मॅडम."

"मग खरा द्या. आलेल्या वेगळ्या, तपासलेल्या वेगळ्या, पुढं पाठवलेल्या वेगळ्या."

बेळगावात इंदुबाईला कर्करोग निघाला. एक स्तन काढावा लागला. आधी कळतं तर कदाचित एवढं कापावं लागलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. ती वाचली, पण काखेतही कापल्यानं उजवा हात सुजतो. विळा धरवत नाही. शेत आता सुप्रिया बघते.

दुसरं शिबिर झालं, तेव्हा भाग्यलक्ष्मीबाई सकाळपासून माझ्यामागं होत्या. पहिल्या शिबिरात जितक्या फिती लावल्या, त्याच्या निम्म्याही बायका संध्याकाळपर्यंत तपासून झाल्या नाहीत. उरलेल्यांना पुढची तारीख दिली. काहींना बेळगावला पाठवलं, त्यातल्या एकीला कर्करोग निघाला, अगदी लहान असताना. दत्तप्रसाद कपाळाला हात लावून म्हणाला, "आकडा घसरला."

इंदुबाई दारातच बसली होती, येणाऱ्या बायकांना धीर देत. ती म्हणाली, "घसरू दे की. बाई गावली न्हवं?"

मित्रांनो, मी आता विरलोय. टाचण्यांची भोकं तशीच आहेत. मला नवं कापड मिळालं तर बरं, नाही तर राहू द्या. पण तुमची आई, काकी, आत्या तपासणीला जाऊन आली, तर किती बायका जमल्या होत्या, हे विचारू नका. एवढंच विचारा, "तुला नीट पाहिलं का?" ती नाही म्हणाली, तर तिच्याबरोबर पुन्हा जा आणि बाहेर थांबा. घाई करू नका.