बाईंचं टेबल, बाप्पाचा चौरंग

मी टेबल बोलतोय. हौस नाही बोलायची. चार पाय धड होते तेव्हा कुणी विचारलं नाही, आता चारही निम्म्यातून कापलेत तर म्हणे कहाणी सांग! सांगतो. मध्ये तोंड घालायचं नाही.

जन्म कॅनडातला, समुद्राकाठच्या गावचा. लाकूड मेपलचं. इनिडबाईंच्या, म्हणजे माझ्या मालकिणीच्या, वडिलांनी होड्या बांधायच्या शेडमध्ये मला ठोकून उभा केला. लग्न होऊन बाई अमेरिकेत रेडमंडला आल्या, मागोमाग ट्रकमधून मी.

बाई लेखिका. मला अक्षरओळख नाही, पण लिहिणं म्हणजे काय ते माझ्या पाठीला विचारा. बाहेर इथला पिरपिरा पाऊस, आणि बाई केस पिकेपर्यंत माझ्यावर कोपरं टेकून तिकडचा बर्फ लिहीत बसल्या. एक ओळ लिहायची, मोठ्याने वाचायची, खोडायची. कादंबरीतलं माणूस मेलं की खरं पाणी माझ्यावर टपकायचं. अहो, ते माणूस जन्मलंच नव्हतं! आणि खरी हकीकत लिहायची असली, की बुडालेल्या होडीचा रंग कुठला, एवढं विचारायला गावच्या म्हाताऱ्या कोळ्यांना फोन. मनाची खात्री पटेना, तर त्यांच्याशी भांडण. खोट्यासाठी रडणारी आणि खऱ्यासाठी भांडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्या कोपरांनी माझ्यात दोन खळगे पडलेत. हात फिरवून बघा.

नवरा गेला. बाईंनी घर विकलं, म्हाताऱ्यांच्या निवासातली एक खोली घेतली. मी गॅरेज सेलमध्ये, जुन्या सामानाच्या विक्रीत. मला उचललं नागपूरच्या हेमचंद्रने. कॉम्प्युटरवाला.

"सॉलिड लाकूड आहे यार! बाप्पासाठी चौरंग परफेक्ट. पाय कट करतो."

"अरे, आधी विचार तरी," त्याची बायको ज्ञानदा म्हणाली.

"कुणाला? टेबलाला?"

हसला, आणि करवत चालवली.

गणपती झाले, आणि एक दिवस काठी टेकत बाई दारात. शेवटच्या पुस्तकाचा शेवट अडला होता. खोलीतल्या गुळगुळीत टेबलावर ओळ उतरत नव्हती. "थोडे दिवस माझं टेबल मिळेल का? हे एवढं संपवायचंय, मग माझं काही मागणं नाही." आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. कुंकवाचे डाग, आखूड पाय.

हेमचंद्रचं तोंड एवढंसं झालं. "सॉरी, इनिड. मला खरंच माहीत नव्हतं."

"न्या तुम्ही, आंटी," ज्ञानदा म्हणाली. "मी उंच करून देते कुणाकडून तरी."

"नको. आता त्याच्यावर देव बसलाय," बाई म्हणाल्या. "मीच खाली बसते."

ऐंशी ओलांडलेली बाई! ज्ञानदाने दंड धरला, पाठीशी लोड दिला. कण्हत कण्हत बसल्या, माझ्याखाली पाय पसरले. कोपरं बरोब्बर खळग्यांत.

मग रोज यायच्या. ज्ञानदा कुकर लावायची नाही, शिट्टी नको म्हणून. हेमचंद्र कॉम्प्युटरवरच्या मीटिंगमध्ये कुजबुजायचा. एका दुपारी बाईंनी ओळ लिहिली, मोठ्याने वाचली, आणि खोडली नाही. पेन ठेवलं. ज्ञानदाने वाकून त्यांना नमस्कार केला. बाईंनी वाकून माझ्यावर गाल टेकला. मी लाकूड, पण आत काहीतरी हललं.

त्याच हिवाळ्यात बाई गेल्या. पुस्तक निघालं, ते माझ्यावरच असतं. त्याच्यावर चहाचा कप ठेवू नका, एवढी विनवणी.

बाकी काय, बाईंची माफी मागून झाली. माझी? टेबलाला कोण विचारतं! पण मी लाकूड आहे, मला घाई नाही. वाट बघतोय, हेमचंद्र.