तुळईवरचे आव्हरबेक

"रक्त जुळलं नाही, विषय संपला," हिनर्ककाकांनी कॉफीचा पेला टेबलावर आपटला. "ही बाई आपल्या आव्हरबेक घराण्यातली नाही."

ब्राझीलहून आलेल्या ओतिलियाबाई शांतपणे केक खात राहिल्या. त्यांचे पूर्वज जर्मनीच्या वेस्टफालिया भागातलं हे गाव सोडून गेले त्याला दीडशे वर्षं झाली, तरी त्यांची इथली बोली काकांपेक्षा अस्सल होती. काकांना तेच झोंबलं असावं.

तपासणी काकांची पुतणी विब्के हिनेच करवली होती. बापाकडून मुलाकडे जाणारं गुणसूत्र तिने काकांचं आणि ओतिलियाबाईंच्या भावाचं ताडून पाहिलं. दोन्हींचा काडीचाही संबंध नव्हता.

विब्केची खरी काळजी वेगळीच होती. जूनमध्ये तिचं लग्न होतं आणि शेत ती सांभाळणार होती. होणारा नवरा, टामे, तिचं आडनाव घ्यायला तयार होता. नव्या जोडप्याचं नाव खळं असलेल्या कोठाराच्या दरवाजावरच्या तुळईवर कोरायची इथली रीत. पण शेताचे अर्धे मालक काका, आणि ते गावभर सांगत होते, "चिकटवलेलं नाव माझ्या तुळईवर नको."

"तुमच्या घरी काय सांगतात?" तिने ओतिलियाबाईंना विचारलं.

"आमचा मूळपुरुष नेपोलियनच्या लढाईत गेला. मेला म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. परत येतो तर काय, चुलीपाशी बहिणीचा नवरा! शेत त्याचं, नावही त्याचंच. मग आमचा माणूस दुसऱ्याच्या शेतावर राबला, आणि त्याचा नातू जहाजात चढला."

"नावही?" विब्के थबकली. पूर्वी इथे नाव शेताचं असे. शेतावर लग्न करून आलेला पुरुष ते घेई. तसं असेल तर ते तुळईवर कोरलेलं असणारच.

ती उठून अंगणात गेली. तुळईचा डावा भाग एका रंगीत फळीखाली झाकलेला होता. गावच्या नेमबाजीच्या जत्रेत पहिले येऊन काका 'राजा' ठरले, तेव्हापासून ती मानाची फळी तिथेच होती.

"हात लावून तर बघ!" काका मागून ओरडले. "मी राजा झालो होतो!"

"मग राजेसाहेब, शिडी धरा."

फळी निघाली. गांधीलमाश्यांचं वाळकं पोळं काकांच्या टोपीवर पडलं. विब्केने बाहीने धूळ पुसून मोठ्याने वाचलं :

"योहान गेर्ड, जन्माने क्योस्टर्स, आता आव्हरबेक, आणि आना आव्हरबेक. १८१३."

ओतिलियाबाई कंबरेवर हात ठेवून खदाखदा हसल्या. "म्हणून रक्त जुळलं नाही! काय रे हिनर्क! घरजावयाचा वंश निघालास की!"

 काका टोपी झटकून म्हणाले, "दोनशे वर्षं टिकलंय. डिंक चांगला होता म्हणायचा."

"मग टामेचं?"

"शिडी धरलीये ना मी?"

जूनमध्ये कोरणारा आला. फळी तोवर डुकरांच्या खोपटावर गेली होती. लग्नाला पुन्हा आलेल्या ओतिलियाबाई घरच्या माणसांच्या बाकावर बसल्या होत्या, आणि काका खालून सूचना देत होते :

"'जन्माने' नीट खोल कोर रे! आणि त्यावर कुणाला काही ठोकू देऊ नका!"