आईचा वाटा

निंगव्वाने नातीच्या हातातली पाण्याची बाटली ओढून घेतली, तरी आरोही रडली नाही, खळखळून हसली. पाणी दिसलं की ती हसायचीच. सहावं वर्ष सरत आलं होतं, पण तोंडातून शब्द फुटला नव्हता, आणि चालताना पाय भेलकांडायचे. दवाखान्याच्या बाकावर पलीकडे सून श्रीदेवी पदर आवळून बसली होती. रक्ताच्या तपासणीचा निकाल आज कळायचा होता.

निंगव्वाने आपला निकाल केव्हाच देऊन टाकला होता: खोट श्रीदेवीच्या कुशीत. शुक्रवारी धाकट्या सुनेची ओटी भरायची होती. श्रीदेवीला तिने बजावलं होतं, तू सैपाकाकडं बघ, ओटीला हात लावू नगंस. मुलगा प्रभु, श्रीदेवीचा नवरा, ते ऐकून चपला घालून बाहेर निघून गेला होता.

डॉक्टरीणबाईंनी सावकाश सांगितलं. मूल आईबापाचा एकेक वाटा घेऊन येतं. आरोहीच्या आईकडच्या वाट्यातला एक बारीक तुकडा गळला होता.

निंगव्वाने शेजारी बसलेल्या प्रभुकडे पाहिलं.

"मी म्हनतच हुते."

"थांबा, आजी. बीज तयार होतानाच तो गळला. तुमच्या सुनेच्या स्वतःच्या रक्तात काही उणं नाही. कुणाची चूक नाही ही."

"आन बापाचा वाटा? त्यो कुटं गेला?"

"तो धड आहे. पण मेंदूत आरएनए म्हणून एक धागा असतो, तो बापाच्या वाट्याला गप्प ठेवतो."

"ह्यो बी रोगच की."

"नाही. सगळ्यांचंच तसं असतं. ह्या एका कामापुरता मेंदू आईच्याच वाट्यावर चालतो. तो धागा बाजूला सारून बापाचा वाटा जागा करायची औषधं शोधताहेत, पण अजून हाती आलेली नाहीत."

निंगव्वा बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत राहिली.

"म्हंजी ह्यो प्रभु माझ्या वाट्यावर?"

"हो."

"आन मी?"

"तुमच्या आईच्या."

प्रभु मान खाली घालून बसला होता. निंगव्वाला आपली आई आठवली. तिच्या ओटीच्या दिवशी तिची आई, कपाळ पांढरं म्हणून, मागच्या खोलीत भाकऱ्या थापत बसली होती. दारातून नुसती बांगड्यांची किणकिण ऐकत.

शुक्रवारी बाया जमल्या. धाकटी हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. ताटात नारळ, तांदूळ, खण मांडून झाले, आणि पहिला मान घरातल्या थोरल्या बाईचा म्हणून सगळ्यांनी निंगव्वाकडे पाहिलं.

ती उठली आणि सैपाकघरात गेली. श्रीदेवी पुरणाची होळगी लाटत होती. आरोही घागरीत हात घालून हसत होती.

"हात धू," निंगव्वा म्हणाली. "बाया खोळंबल्यात."

श्रीदेवी जागची हलली नाही. निंगव्वाने तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि तव्याकडे वळली. होळगी एका बाजूने करपायला आली होती.