नको असलेले दात

नलिनीने डॉक्टरांच्या टेबलावरचा प्लास्टरचा जबडा उचलला आणि थेट आजोबांच्या नाकासमोर धरला.

"हे बघा, हाडातच स्क्रू बसवणार. त्यावर दात. मग भाकरी, सुके बोंबील, चणे, काय वाट्टेल ते चावा!"

सहदेव परबांनी जबड्याकडे एकदा पाहिले आणि रुमालाने ओठ टिपले. खालची कवळी त्यांच्या झिजलेल्या हिरडीवर टिकतच नव्हती. बोलताना उडायची, घास घेतला की फिरायची. वर्षभर ते नुसत्या पेजेवर होते. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली होती.

"माका नको गो," ते म्हणाले. "सत्तरी उलाटली. आता कित्याक?"

"सत्तरीनंतर माणसं जेवत नाहीत?"

"दुखतलां."

"इंजेक्शन देतात! मी विचारलंय."

डॉक्टर ज्युलिया हसल्या. ही नवी विद्या त्या परदेशातून शिकून आल्या होत्या आणि बोरिवलीच्या या दवाखान्यात पहिल्या पाच जणांना असे दात फुकट बसवणार होत्या. चार नावे ठरली होती.

"परबकाका, आजच काय ते सांगा हं," म्हणत त्या आतल्या पेशंटकडे गेल्या.

नलिनीला चेव चढला. नववीत गेल्यापासून वादात तिला कुणी गप्प केले नव्हते.

"आता खरं कारण सांगा ना! उगाच वय नि दुखणं नको."

सहदेवांनी आतल्या दाराकडे पाहून घेतले. मग आवाज खाली आणला.

"तुझ्या आजयेच्या मांडयेत सळी घातलली, आठावता?"

"हो. पाय मोडला होता तेव्हा."

"ती गेल्यार तिसऱ्या दिसाक आम्ही हाडां येचूक गेलों. तुझ्या बापाशीन राखेत हात घातल्यान, तर पयली तीच हाताक लागली. आवशीचां हाड समाजान कपाळाक लावल्यान." त्यांनी पुन्हा रुमालाने ओठ टिपले. "मगे कळलां, लोखांड तां. तो थयसरच बसलो. उठना."

नलिनीची नजर हातातल्या जबड्यावर, त्यातल्या स्क्रूंवर गेली.

"माझी हाडां पण तोच येचतलो."

तिने जबडा हळूच टेबलावर ठेवला. मग स्वतःच आत गेली आणि पाचवे नाव दुसऱ्या कुणाचे तरी घ्या, असे डॉक्टरांना सांगून आली.

संध्याकाळी चारकोपच्या घरात जेवताना नलिनीच्या वडिलांना, जयवंतला, हसू आवरेना.

"काय ओ बाबा! संपापर्यंत गिरणीत राबलात, मशीनला कधी भ्याला नाहीत, आणि सुईला घाबरलात?"

"भियालंय खरां," सहदेव म्हणाले.

"आणि तू गं? वक्तृत्वाचं बक्षीस घेऊन वाडीभर मिरवलीस. आजोबांना एवढं पटवता आलं नाही?"

उत्तर नलिनीच्या ओठांवर आले होते. तिने पेजेचे पातेले पुढे ओढले, आजोबांचा वाडगा काठोकाठ भरला.

"नाही जमलं, पप्पा," ती म्हणाली.