इस्त्रीमावशींचा मंगळवार

विमानतळावरून आम्हाला थेट चर्चमध्ये नेलं, तेव्हा आमच्याकडे रंगाचे ब्रश होते, मुलांच्या खेळांचं साहित्य होतं आणि दहा दिवसांचं छापील वेळापत्रकही होतं. आम्ही पाच जण होतो: आमच्या चर्चचे पाळकसाहेब, सुतारकाका, गाणाऱ्या दोघी बहिणी आणि मी. मी सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं सिस्टर आहे. आमची मंडळी आणि परदेशातली ही मंडळी चार वर्षं एकमेकांसाठी प्रार्थना करत होत्या, पत्रं लिहीत होत्या. प्रत्यक्ष भेटण्याची मात्र ही पहिलीच वेळ.

सोमवार स्वागतात गेला. तिथल्या पाळकांनी आमचं वेळापत्रक शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "हॉल रंगवणार, फार छान. पण उद्या मंगळवार. मंगळवारी हॉल त्यांचा असतो." आणि त्यांनी मागच्या रांगेतल्या एका ठेंगण्या, साठीच्या बाईंकडे बोट दाखवलं.

त्या बाईंचं खरं नाव आमच्यापैकी कोणाच्याच जिभेवर बसेना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या आमच्यासाठी इस्त्रीमावशी झाल्या होत्या.

सकाळी सातला पोहोचलो तर बाकं भिंतीला लावलेली, हॉलभर दोऱ्या बांधलेल्या, मागच्या खोलीत तीन मशीन घरघरत होती. मावशींनी तीस वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत काम केलेलं. निवृत्त झाल्यावर महिनाभरही घरी बसवलं नाही त्यांना. गावात जी माणसं अंथरुणाला खिळलेली आहेत, त्यांच्या चादरी गोळा करायच्या, धुवायच्या, इस्त्री करून त्याच दिवशी परत द्यायच्या, असं त्यांनी सुरू केलं. चौतीस घरं. चर्चला येणारी, न येणारी, सगळी. त्यांची लेक शाळेत शिक्षिका, तिला इंग्रजी येत होतं. आमच्यासाठी रजा काढून ती दुभाषी झाली.

मावशींनी आम्हाला लगेच कामाला जुंपलं. आमच्या पाळकसाहेबांनी घातलेली घडी त्यांनी तीनदा उलगडली.

"आई म्हणतेय, कोपऱ्याला कोपरा लागला पाहिजे," लेक ओशाळून म्हणाली.

"बरोबर आहे," सुतारकाका म्हणाले. "साहेब, प्रवचन वेगळं आणि चादर वेगळी."

मला त्यांनी मळक्या चादरींच्या टेबलापाशी नेलं. धुवायला टाकण्याआधी मावशी प्रत्येक चादर दिव्याखाली पसरत आणि नीट बघत. मला वाटलं, डाग शोधतायत. मग लेक सांगायला लागली, आई काय पुटपुटतेय ते.

"या आजींच्या चादरीवर दर वेळी खाण्याचा चुरा असतो. आज नाहीये. जेवत नाहीयेत वाटतं, सुनेला फोन करायला हवा. हे बघा, इकडे फक्त डाव्या बाजूला चुण्या. यांना कोणी कूस बदलून देत नाही."

बावीस वर्षांत हजारो चादरी मी गुंडाळून ट्रॉलीत फेकल्या असतील. एकही वाचली नव्हती.

मग एक चादर आली आणि मला वासावरूनच कळलं. पायाकडच्या बाजूला हिरवट-पिवळा डाग होता, तळहाताएवढा.

"मधुमेह आहे यांना?" मी विचारलं.

मावशींनी होकारार्थी मान हलवली. पाच आठवड्यांपूर्वी डाग शर्टाच्या बटणाएवढा होता, त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या दवाखान्यात जा म्हणून त्यांच्या मागे लागल्या होत्या. ही चादर एका निवृत्त बसड्रायव्हरची होती. बायको गेल्यापासून ते एकटेच राहायचे. मंगळवारी चादरीचं गाठोडं उंबऱ्याबाहेर ठेवायचे, संध्याकाळी स्वच्छ चादर आत ओढून घ्यायचे. दार कोणालाच उघडत नसत. डॉक्टर दोनदा येऊन परत गेले होते. पाळकही.

"दार तोडायला हवं," मी म्हणाले. "असंच राहिलं तर पाय जाईल, कदाचित जीवही."

लेकीने ते आईला सांगितलं. मावशी म्हणाल्या, "तुमची मलमपट्टीची पिशवी घ्या. आणि मी सांगेपर्यंत एक शब्द बोलू नका. मी म्हटलं की मग तुमच्या भाषेत बोला."

मावशी, लेक आणि मी निघालो. घर गल्लीच्या टोकाला होतं, तळमजल्यावर. मावशींनी दार वाजवलं नाही. उंबऱ्यावर बसल्या आणि दाराशी बोलायला लागल्या, शेजारणीशी बोलावं तसं. आतून एक खरखरीत आवाज आला, तुटक. मावशी पुन्हा बोलल्या. मग मला कोपराने ढोसलं.

मला काय सुचणार? "बाबा," मी मराठीत म्हणाले, "मी नर्स आहे. जरा पाय बघू द्या ना. दुखवणार नाही."

मग काठीचा आवाज आला आणि कडी निघाली.

"मावशींनी काय सांगितलं त्यांना?" मी लेकीला हळूच विचारलं.

"आई म्हणाली, ही बाई फार लांबून आलीय. हिला आपली भाषा येत नाही, गल्लीतलं कोणी ओळखीचं नाही आणि पुढच्या आठवड्यात ती निघून जाणार. हिला दाखवायला कसली लाज?"

खरं सांगते, आधी मला ते टोचलं. मी बावीस वर्षांचा अनुभव घेऊन आले होते आणि माझा उपयोग काय, तर मला काही कळत नाही हा! पण आत गेले आणि विसरले. खोली झाडलेली होती, भांडी घासलेली होती. त्या माणसाने सगळं टापटीप ठेवलं होतं, फक्त एक पाय त्याच्या हाताबाहेर गेला होता. दोन बोटं काळी पडलेली, टाचेला खोल जखम. मावशी आणि लेक बाहेरच थांबल्या.

मी जमिनीवर बसून जखम धुतली. "थोडं झोंबेल हं," मी म्हणत होते. ते बोलायला लागले. आधी थांबत थांबत, मग धबधब्यासारखे. कधी भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे हात करत, कधी डोळे पुसत. मी "हो ना", "खरंय" म्हणत पट्टी बांधत राहिले. पाऊण तास. त्यातलं एक अक्षर मला आजही माहीत नाही.

बाहेर येऊन मी लेकीला सांगितलं, "आजच दवाखान्यात न्या. उद्या नको."

मावशी आत गेल्या. दारातून मला दिसत होतं, म्हाताऱ्याने मान हलवून नकार दिला. मग त्याने काहीतरी विचारलं. मावशींनी घड्याळाकडे पाहिलं. हॉलमध्ये तीस-एक चादरी दोरीवर ओल्या होत्या. त्यांनी पाठीमागे हात नेऊन एप्रनची गाठ सोडली आणि एप्रन माझ्या हातात दिला.

"त्यांनी विचारलं, तू सोबत येशील का," लेक म्हणाली. "आई म्हणतेय, इस्त्री जास्त तापवू नका."

त्या दोघी त्यांना घेऊन टॅक्सीने गेल्या आणि आम्ही पाच जणांनी हॉल सांभाळला. दोघी बहिणी गात गात इस्त्री करत होत्या. पाळकसाहेबांच्या घड्या आता एकदाच उलगडाव्या लागत होत्या. अंधार पडायच्या आत आम्ही तिथल्या पाळकांबरोबर चौतीस घरी चादरी पोहोचवल्या. चुण्या होत्याच. कोणी काही बोललं नाही, फक्त एका आजींनी चादर परत पाठवली.

ड्रायव्हरबाबांची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. बुधवारी सकाळी आम्ही ब्रश घेऊन हॉलवर पोहोचलो, तेव्हा मावशी आमच्या आधी आल्या होत्या. त्या आजींची चादर त्यांनी पुन्हा भिजवली होती आणि इस्त्री तापत ठेवली होती.