मी जन्मण्याआधीची भूक

मी तेवीस नंबरचा उंदीर बोलतोय. अंगानं पांढरा, डोळ्यांनी लाल. तोयामा शहरातल्या विद्यापीठाच्या प्राणिशाळेत तिसऱ्या फळीवर माझा पिंजरा आहे. उद्या माझा शेवटचा दिवस, हे मला ठाऊक आहे. घाबरलो नाही म्हणालो तर ते खोटं ठरेल. पण भीतीपेक्षा मला नवल जास्त वाटतंय, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय जायचं नाही, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात आईपासून करतो. तिच्या पिंजऱ्याला पिवळी चिठ्ठी होती. पिवळी चिठ्ठी म्हणजे खायला भरपूर, पण त्या खाद्यात प्रथिनं निम्म्याहून कमी. निळ्या चिठ्ठीवाल्या शेजारणींचं खाद्य चांगलं. दिसायला दोन्हीकडच्या वड्या अगदी सारख्या, त्यामुळे बिचारीला कळायला मार्गच नव्हता. ती खात होती आणि तरी तिला कमी पडत होतं. मग बावीस दिवस तिनं आम्हा अकरा जणांना पोटात वाढवलं ते कशावर? खाद्यातून मिळालं नाही ते तिनं स्वतःच्या अंगातून काढून दिलं. आम्ही जन्मलो तेव्हा तिच्या पाठीचे मणके बोटांनी मोजता येत होते म्हणे. कुणी सांगितलं नाही, शिकवलं नाही, तरी तिच्या देहानं हे केलं! आठवण आली की आजही मी चकित होतो.

हे सगळं मला कळलं इत्सुमीच्या बोलण्यातून. इत्सुमी ही इथली तंत्रज्ञ. रोज सकाळी आमची वजनं करते आणि करता करता आमच्याशी बोलते. जन्मलो त्या दिवशी तिनं मला तळहातावरून काट्यावर ठेवलं. पावणेपाच ग्रॅम. निळ्यांची पिल्लं सहाच्या वर होती.

"एवढुसा रे तू!" ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मला उचलून निळ्या चिठ्ठीच्या दूधआईकडे ठेवलं. प्रयोगच तसा होता. पोटात असताना उपासमार आणि बाहेर आल्यावर चंगळ. दूधआईकडे पिल्लं मोजकी आणि दूध उदंड. मी असा तुटून पडलो की विचारू नका. तीन आठवड्यांत निळ्यांच्या बरोबरीला आलो आणि दोन महिन्यांत त्यांच्या पुढे गेलो.

याचा सर्वांत जास्त आनंद झाला तोकुएकाकूंना. त्या आमच्या पिंजऱ्यांतला भुसा बदलतात. साठी उलटलीय, पण जीभ अजून तरणीताठी.

"बघ या तेवीसला," त्या इत्सुमीला म्हणाल्या. "जन्मला तेव्हा शेंगदाण्याएवढा होता, आता कसा गबरू झालाय! लहान जन्माला घालावं आणि मोठं करून वाढवावं, हे काय उगाच म्हणतात? माझा केन्साकु दोन किलोचा जन्मला. सासू म्हणाली, हे कसलं जगतंय! आता दारातून आत येताना त्याला खांदे तिरके करावे लागतात."

इत्सुमी हसली आणि तिनं हलकेच पोटावर हात ठेवला. मी जन्मलो त्याच सुमारास तिला दिवस राहिले होते.

"तुझं पोट तरी किती सुबक दिसतंय," काकू म्हणाल्या. "पाठमोरी उभी राहिलीस तर कळतही नाही."

"कळायला नकोच, काकू. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी माझ्या वहीत लाल शिक्का मारला. महिन्यात दोन किलो वाढले म्हणून. एवढी मोठी बाई मी, पण गणितात नापास झाल्यासारखं वाटलं."

त्यानंतर तिचा डबा दिसेनासा झाला. तपासणी जवळ आली की दोन-दोन दिवस ती नुसत्या चहावर आणि कोबीच्या चार पानांवर राहायची. उपाशी माणसाच्या हाताला एक वास असतो, तो आम्हाला लगेच कळतो. वजन करताना मी तिची बोटं चाटायचो. ती म्हणायची, "काय रे, आज फार लाडात आलास!" मला लाड करायचे नव्हते गं बाई. सांगायचं होतं. पण मला तरी तेव्हा नेमकं काय सांगायचंय ते कुठं कळत होतं?

सप्टेंबरात माझा रक्तदाब मोजायचा दिवस आला. इत्सुमीनं मला एका नळीत बसवलं आणि शेपटीला छोटासा पट्टा बांधला. आकडा आला. तिनं पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा. मग शेजारच्या निळ्याला मोजून पाहिलं, त्याचा ठीक आला. शेवटी तिनं हिराबायाशी सरांना बोलावलं. हा सगळा प्रयोग त्यांचा. बोलायला कंजूष माणूस.

"सर, यंत्र बिघडलंय. तेवीसचा रक्तदाब भलताच जास्त येतोय."

सरांनी आकडे पाहिले. "यंत्र ठीक आहे."

"पण हा तर सगळ्यांत धष्टपुष्ट!"

"बाहेरून." सर स्टूल ओढून बसले. "हा आईच्या पोटात होता तेव्हा याला तिच्या रक्तातून खबर मिळाली, की बाहेर दुष्काळ आहे. यानं तसं शरीर बांधलं. काटकसरीचं. मूत्रपिंडात रक्त गाळायच्या बारीक गाळण्या असतात. माझा अंदाज आहे की त्याही यानं कमी बांधल्या. नंतर कितीही खाल्लं तरी त्या नव्यानं येत नाहीत."

मी नळीत बसून थक्क झालो. म्हणजे मी दुष्काळाची तयारी करून आलो आणि थेट पंगतीत बसलो! डोळे-कान उघडले नव्हते, तेव्हा मी आईच्या रक्तातून जग वाचत होतो. केवढी ही करामत! आणि केवढी फसगत.

तोकुएकाकू हातात भुशाची पिशवी धरून तशाच उभ्या होत्या. "केन्साकु बेचाळीसचा आहे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं बीपीची गोळी घेतोय. मी म्हणायचे, खारं खातो म्हणून."

"खारंही खात असेल, तोकुएबाई. एका माणसावरून काही ठरत नाही," सर म्हणाले. मग इत्सुमीकडे न बघता हळूच म्हणाले, "माणूस म्हणजे उंदीर नव्हे. आणि मी काही तुझा डॉक्टर नाही. पण तू हल्ली डबा का आणत नाहीस?"

माझ्या शेपटीचा पट्टा सोडताना इत्सुमीच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पाठीवर पडलं.

दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्याच दवाखान्यात, एका जुन्याजाणत्या सुईणबाईंकडे गेली. परत आली ती चेहरा पाडूनच. "बाळ थोडं लहान भरतंय म्हणाल्या. मला वाटायचं मी किती शहाणी, किती शिस्तीची! काकू, मी त्याला काय खबर दिली असेल हो?"

"आता नवी खबर दे," काकू म्हणाल्या. "रडून कुणाचं पोट भरत नाही. माझ्याच जिभेला हाड नाही, नको ती म्हण तुला ऐकवली. उद्यापासून डबा मी आणणार. भात, मासा, अंड्याची गुंडाळी. एक शीत जरी ठेवलंस ना, तर या उंदरांच्या रांगेत तुलाही बसवीन आणि रोज वजन करीन!"

उंदरांच्या रांगेत बसवण्याची धमकी ऐकून इत्सुमी रडता रडता हसली.

ऑक्टोबरात इथे एक दिवस काम बंद असतं. अंगणातल्या दगडापुढे सगळे जमतात, आमच्यातल्या गेलेल्यांसाठी फुलं ठेवतात, मान झुकवतात. यंदा तोकुएकाकूंनी फुलांसोबत मूठभर निळ्या चिठ्ठीचं खाद्य नेलं. परत आल्यावर इत्सुमी मला सांगत होती, "काकू दगडाला काय म्हणाल्या माहितीय? पिवळीवाल्या आयांनो, आज चांगलंचुंगलं खा. घास लागला तर पाणी प्या." माझी आई केव्हाच त्या दगडाखाली गेली होती. ते ऐकून मला भरून आलं. कमी खाद्य देणारे हात हेच आणि असा नैवेद्य दाखवणारे हातही हेच. माणसांचं मला काही केल्या पुरतं कळलेलं नाही.

उद्या माझी मूत्रपिंडं काढून त्या गाळण्या मोजतील. किती कमी आहेत ते मलाही जाणून घ्यायला आवडलं असतं. सरांना एवढंच सांगणं आहे की नीट मोजा, एकही चुकवू नका. माझ्याकडे पुन्हा जन्म घ्यायची सोय नाही, पण कुणाला तरी जन्माला यायला अजून दोन महिने आहेत.

आज सकाळी इत्सुमीनं शेवटचं वजन केलं. काट्यावरून उचलून मला पिंजऱ्यात ठेवायचं सोडून तिनं कितीतरी वेळ पोटाशी धरून ठेवलं. अंगरख्याआडून ऊब येत होती. तिच्या हातांना आता भाताचा वास येतो. मी डोळे मिटले, आणि तेवढ्यात आतून माझ्या पाठीत अशी सणसणीत लाथ बसली की मी तिच्या मनगटापर्यंत उडालो.

"अगं बाई!" इत्सुमी ओरडली. "काकू, यानं तेवीसला लाथ मारली!"

"मारणारच. भूक लागली असेल," काकू म्हणाल्या. "चल बाहेर. डबा तयार आहे."

"आत्ता कुठं साडेनऊ वाजताहेत, काकू."

"पोटातल्याला घड्याळ कळतं होय? चल."

दोघी गेल्या. दाराआडून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. इत्सुमी जेवत होती.

बरंय तर. निघतो मी.