गाळलेली मावशी

बातमीकाकांनी उभं आयुष्य रेडिओवर बातम्या वाचण्यात घालवलं. निवृत्तीनंतरही रस्त्यात कोणीतरी थांबवायचं, "काका, एकदा तसं नमस्कार म्हणा ना." काका आढेवेढे घ्यायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे. पण हळूहळू या फर्माइशी कमी झाल्या. नव्या मंडळींना रेडिओचंच कौतुक नव्हतं, तिथे काकांचं कुठून असणार?

अशात काकूंची नजर गेली. सगळी नाही, मधली. दाराची चौकट दिसे, टेबलाचा कोपरा दिसे, पण जिकडे बघावं नेमका तिथेच ओला बोळा फिरवल्यासारखा करडा डाग. समोरच्या माणसाचे खांदे दिसत, चेहरा नाही. पुस्तक उघडलं की बघायला जावं तो शब्दच गायब. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, पण पूर्ण अंधारही होणार नाही.

काकू म्हणजे हातातली पळी खाली न ठेवता दुसऱ्या हाताने पानं उलटणारी बाई. त्यांनी हायच खाल्ली. मग काकांनी पुस्तक हातात घेतलं. रोज दुपारी जेवणं आटोपली की काकू आरामखुर्चीत, काका समोर, आणि तो कमावलेला आवाज. कुठे थांबायचं, कुठे स्वर खाली आणायचा, काकांना सांगावं लागत नव्हतं. काकू डोळे मिटून ऐकत. मनातल्या मनात काकांना जरा लाजही वाटे, पण इतक्या सुखाच्या दुपारी त्यांच्या वाट्याला फार दिवसांनी आल्या होत्या.

त्यात परगावच्या मुलीने एक केंद्र शोधून काढलं. मधली नजर गेलेल्यांना तिथे पुन्हा वाचायला शिकवत. शिकवणारा माणूस जेमतेम पस्तिशीचा, सगळे त्याला सर म्हणत. पहिल्या दिवशी काका बरोबर गेले होते.

"मध्ये डाग आहे ना काकू, मग मधूनच बघायचा हट्ट कशाला?" सर म्हणाले. "कडेची जागा चांगली आहे. ती शोधू आणि तिलाच वाचायला लावू."

त्यांनी घड्याळाचं मोठं चित्र समोर धरलं, मध्यभागी एक चांदणी. चांदणीकडे बघायचं नाही, आकड्यांकडे एकेक करून बघायचं. काकूंची नजर दोनच्या आकड्यावर गेली आणि त्या एकदम म्हणाल्या, "दिसली. चांदणी दिसली." म्हणजे एखादी गोष्ट बघायची तर तिच्या थोडं वर, उजवीकडे बघायचं. शिवाय वाचताना डोळा हलवायचा नाही, कागद सरकवायचा.

काकांच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. सर वाक्यातला शेवटचा शब्द गिळत होते. नाकात बोलत होते. अशा माणसाला रेडिओच्या फाटकाशीही कुणी उभं केलं नसतं, आणि काकू मात्र त्याचा शब्द न् शब्द झेलत होत्या. घरी येताना काका म्हणाले, "उच्चार वाईट आहेत त्याचे."

"मला शुद्धलेखन नाही शिकायचं त्यांच्याकडून," काकू म्हणाल्या.

पुढे काकू रिक्षाने एकट्याच जाऊ लागल्या. दुपारचं वाचन मागे पडलं. काकू टेबलावर दिवा ओढून बसत, केंद्रातून आणलेल्या काळ्या पुठ्ठ्याच्या फटीतून एकेक ठळक शब्द सरकवत. काका पुस्तक घेऊन दारात यायचे, उभे राहायचे आणि परत फिरायचे.

एकदा चहा पिताना काकू म्हणाल्या, "आज सरांचा चेहरा दिसला. भुवईच्या वर तीळ आहे हो त्यांच्या."

काकांचा कप ओठांपाशीच थांबला. लग्नाचा नवरा घरात असताना इतक्या दिवसांनी पहिला चेहरा दिसला, तो त्या नाकात बोलणाऱ्याचा.

"आणि माझा?"

"तुम्ही एका जागी बसाल तर दिसेल ना. सारख्या येरझाऱ्या."

त्या संध्याकाळी काकांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दिव्याखालच्या खुर्चीवर फोटोला बसावं तसे बसून राहिले. काकूंनी पुठ्ठ्यावरून डोकं वर काढलं नाही.

नंतर सरांनी काका दुपारी वाचून दाखवत ते पुस्तक मागवलं आणि त्याची काही पानं ठळक अक्षरांत छापून दिली. काकू ती घेऊन दोन दुपारी बसल्या. तिसऱ्या दुपारी त्यांनी काकांना हाक मारली.

"अहो, ही मावशी कोण?"

"कोण मावशी?"

"नायिकेची. ही तिला पहाटे स्टेशनवर पोचवते, अंगावरची शाल देते. तुम्ही वाचलंत तेव्हा ती पोरगी एकटीच निघाली होती."

काकांनी चष्मा पुसायला घेतला. "फार पाल्हाळ होतं गं ते. बातमी वेळेत बसवायची तर काही ओळी…"

"ही बातमी नव्हती."

एवढंच बोलून काकूंनी पुठ्ठा पुढे सरकवला. भांडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. आपल्या वाचनावर त्या माणसाने आपल्याच घरात पहारा बसवला, असं त्यांना वाटलं. रात्रभर ते धुमसत राहिले. सकाळी काकू अंघोळीला गेल्याचं बघून त्यांनी केंद्रात फोन लावला. "काकूंना ताप आहे. काही दिवस येणार नाहीत." आणि काकू केस पुसत बाहेर आल्या तेव्हा, जुन्या सवयीने अगदी स्वच्छ आवाजात, त्यांना सांगितलं, "सर गावाला गेलेत. निरोप आला होता."

त्या आठवड्यात काकांनी पुन्हा पुस्तक काढलं. मावशीसकट वाचलं. काकू ऐकत होत्या, पण डोळे उघडे ठेवून.

शनिवारी दाराची बेल वाजली. सर उभे होते, हातात सरावाचे कागद.

"म्हटलं, बघून यावं. ताप उतरला का, काकू?"

"मला कुठला ताप? तुम्ही कधी आलात गावाहून?"

"मी कुठे गेलो होतो?"

मग काकू वळल्या. त्यांची नजर काकांच्या कानाच्या वर, भिंतीवर कुठेतरी जाऊन थांबली आणि तिथून हलेना. काकांना कळलं, ही आपल्याला बघतेय. नीट, नाकाडोळ्यांसकट. ज्यासाठी दाढी करून बसलो होतो ते आता, या वेळी.

सरांनी कागद टेबलावर ठेवले, "मंगळवारी या," म्हणाले आणि पाणीसुद्धा न पिता गेले.

"का केलंत?" काकूंनी विचारलं.

काका कसंबसं म्हणाले, "तू वाचायला लागलीस की मी काय करायचं?"

"ते मला विचारायचं होतंत. त्यांना फोन कशाला?"

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. मंगळवारी काकू निघाल्या तेव्हा काकांनी चपला घातल्या. काकूंनी नको म्हटलं नाही. केंद्रात काकांनी सरांची माफी मागितली, सर म्हणाले, "राहू दे काका, बसा इथे. काकूंचा कागद सरकवा. त्यांना ते एकटीला जड जातं. तुम्ही घाई करू नका म्हणजे झालं." शेवटचा शब्द त्यांनी गिळलाच. काकांना तो माणूस तेव्हाही आवडला नाही. पण ते बसले.

वेग साधायला बरेच दिवस गेले. काकांचा हात पुढे पळे, काकू म्हणत, "थांबा, माझं झालं नाही." 'गाडी सुटली' हे त्यांनी 'गादी सुटली' असं वाचलं तेव्हा दुरुस्ती काकांच्या जिभेवर आली होती. त्यांनी ती दातांमागे अडवली. काकू पुढच्या शब्दापर्यंत गेल्या, मागे आल्या आणि आपल्या आपणच हसत सुटल्या.

आता त्या मोठ्याने वाचत नाहीत. मनातच वाचतात, काका दिव्याखाली कागद सरकवतात. परवा एका ओळीवर त्यांना खुदकन हसू आलं. काकांना ती ओळ उलट्या बाजूने वाचता येत नव्हती.

"काय गं, काय झालं?"

"पान संपू द्या," काकू म्हणाल्या. "आणि कागद हलवू नका."

काकांनी हात स्थिर धरला आणि ते वाट बघत राहिले.